थंडीत बाहेर रमायचं असेल तर थांबायची तयारी करून निघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की थंडीत बाहेर जायची हौस आहे पण अर्ध्या तासात बोटं बधिर होतात, झाडं सगळी उघडीबोडकी, पक्षीबिक्षी काही दिसत नाहीत, मग कंटाळून परत घरी. शिवाय सहा वर्षांच्या मुलीला बरोबर न्यायचं का आणि दुर्बीण घ्यायची का. मी बरीच वर्षं हिवाळ्यात लोकांना बाहेर घेऊन जातेय, जंगलात, पाणथळीवर, बर्फातही, आणि जवळपास प्रत्येक नवीन ग्रुपमध्ये हीच तक्रार ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्याकडे बर्फ पडतो की नुसता गारठा असतो ते लिहिलं नाहीत, त्यामुळे दोन्हीचं लिहिते, तुम्हाला लागू होईल ते घ्या.

माझं म्हणणं एकच आहे. बहुतेक लोक चालायच्या हिशोबाने कपडे घालतात आणि हिवाळा दिसतो तो थांबल्यावर. चालताना शरीर उष्णता तयार करत असतं त्यामुळे बरं वाटतं, पण पावलांचा आवाज, जॅकेटची सळसळ, गप्पा, ह्याने आजूबाजूचं सगळं गप्प झालेलं असतं. मग तुम्ही थांबता, पाच मिनिटांत घाम गार पडतो, हुडहुडी भरते आणि लगेच "चला चला" सुरू होतं. म्हणजे बघायची वेळ येते नेमकी तेव्हाच तुम्ही निघता. दहा-पंधरा मिनिटं एका जागी आरामात उभं राहता आलं की थंडीचा प्रश्न पण सुटतो आणि "काही दिसत नाही" चा पण.

तर कपडे. घरातून निघताना थोडं गार वाटलं पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर तुम्ही जास्त कपडे घातलेत आणि थोड्या वेळात घाम येणार हे नक्की, आणि घाम हाच थंडीतला खरा शत्रू आहे कारण पाणी हवेपेक्षा जवळपास 25 पट वेगाने उष्णता ओढून घेतं. म्हणून अंगालगत कॉटन नको. कॉटनचा टीशर्ट एकदा ओला झाला की तासन्‌तास ओलाच राहतो आणि अंगाला चिकटून बसतो. त्याऐवजी पातळ लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, आणि सगळ्यात बाहेर वारा अडवणारं पातळ जॅकेट. एवढ्यावर चालायचं. आणि जाड, फुगीर जॅकेट जे आहे ते अंगावर नाही, सॅकमध्ये, सगळ्यात वरती. थांबलात की पहिलं काम ते काढून घालायचं, पाणी पिण्याआधी, फोटो काढण्याआधी, थंडी वाजायची वाट न बघता. ही सवय लावली की अर्धं काम झालं. एकदा गारठल्यावर जॅकेट घातलं तर ऊब यायला खूप वेळ लागतो, कारण जॅकेट स्वतः काही उष्णता देत नाही, तुमच्याकडे असलेली फक्त धरून ठेवतं.

पायांकडे लोकांचं लक्ष नसतं. दोन-दोन जाड मोजे कोंबून घट्ट बूट घालतात, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. एकच बरा लोकरी मोजा आणि आत बोटं हलतील एवढा मोकळा बूट पुरतो. उभं राहिल्यावर थंडी खालून चढते, जमीन तळव्यातून ऊब खेचत राहते, म्हणून मी फोमचा एक हातभर तुकडा कायम सॅकमध्ये ठेवते, बसायचं असेल तर बुडाखाली आणि उभं राहायचं असेल तर पायाखाली. एवढीशी गोष्ट, पण फरक खूप पडतो.

हातांसाठी, बोटं वेगवेगळी असलेल्या ग्लोव्ह्जपेक्षा चार बोटं एकत्र राहतात ते मिटन जास्त उबदार. आत पातळ ग्लोव्ह्ज घालायचे, म्हणजे फोन किंवा दुर्बीण हाताळताना वरचे मिटन काढले तरी कातडी उघडी पडत नाही. आणि एक सांगते, बोटं गार पडण्याचं कारण बऱ्याचदा बोटांत नसतं. धड गार पडायला लागलं की शरीर हातापायांकडचं रक्त कमी करतं आणि ते आतल्या अवयवांसाठी राखून ठेवतं. त्यामुळे तुमची बोटं बधिर होत असतील तर आधी छाती, पोट, मान ह्यांचा बंदोबस्त करा, गळ्याभोवती काहीतरी गुंडाळा, टोपी घाला. डोक्यातून अर्धीअधिक उष्णता जाते असं जे सांगतात ते खरं नाही, डोकं आकाराने जेवढं आहे साधारण तेवढाच त्याचा वाटा, पण म्हणून टोपी नको असा अर्थ काढू नका, कान आणि कपाळ उघडं असेल तर वारा फार झोंबतो.

वाऱ्याचं गणित एकदा कळलं की हवामानाचा अंदाज बघायची पद्धतच बदलते. कॅनडा आणि अमेरिकेत 2001 पासून विंड चिलचं, म्हणजे वाऱ्यामुळे थंडी किती जास्त जाणवते त्याचं, जे सूत्र वापरतात त्यानुसार तापमान 0 अंश सेल्सियस आणि वारा ताशी 30 किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला ते साधारण उणे 6-7 सारखं लागतं, आणि उणे 10 ला तेवढाच वारा असेल तर जवळपास उणे 20 सारखं. म्हणजे आकडा एकच दिसतो पण शांत हवेतला दिवस आणि वाऱ्याचा दिवस ह्यात जमीनअस्मानाचा फरक. मी अंदाजात आधी वारा बघते, मग तापमान. आणि वाट ठरवताना जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर असं ठरवते, कारण येताना माणूस दमलेला असतो, थोडा घामेजलेला असतो, तेव्हा समोरून बोचरं वारं आलं की हालत होते. थांबायची जागा पण तशीच निवडायची, पाठीमागे दगड, बांध किंवा दाट झुडूप आणि समोरून ऊन. अशी जागा मिळाली ना की कडाक्याच्या थंडीतही माणूस ऊन खात मजेत बसतो.

वेळेबद्दल. दिवसातली सगळ्यात कडक थंडी मध्यरात्री नसते, ती सूर्य उगवायच्या सुमाराला आणि त्यानंतर थोडा वेळ असते, कारण जमीन रात्रभर उष्णता बाहेर टाकतच असते आणि सकाळचं तिरपं ऊन ते नुकसान भरून काढायला थोडा वेळ घेतं. म्हणून सुरुवातीला उगाच पहाटेचा हट्ट नको. ऊन वर आल्यावर निघा, किंवा दुपारनंतर निघून सूर्यास्ताच्या आत परत या. सवय झाली की पहाट आपोआप करावीशी वाटेल.

आता "बघायला काही नसतं" ह्याबद्दल, आणि इथे मला तुमच्याशी जरा भांडायचंय, कारण मला तर पानं गळालेलं झाड भरलेल्या झाडापेक्षा जास्त आवडतं. पानं नसली की झाडाचा सांगाडा दिसतो, कुठली फांदी कुठून फुटली, कुठे वादळात मोडली आणि जखम कशी भरली, मागच्या वर्षीची घरटी कुठे होती, सगळं उघड. आणि झाड मेल्यासारखं दिसतं पण नसतं. एखादी डहाळी हातात धरा, तोडू नका, नुसती जवळ ओढून बघा. जिथे पान होतं तिथे एक छोटासा वण असतो आणि त्या वणात बारीक ठिपके, ते म्हणजे पानाला पाणी पोचवणाऱ्या नळ्यांची बंद केलेली तोंडं. हॉर्स चेस्टनट नावाच्या झाडावर तर हा वण अगदी घोड्याच्या नालेसारखा दिसतो, ठिपके खिळ्यांसारखे. त्या वणाच्या लगेच वर एक कोंब असतो, खवल्यांनी घट्ट मिटलेला. थंड प्रदेशातल्या पानगळीच्या झाडांवर हा कोंब गेल्या उन्हाळ्यातच तयार झालेला असतो, आत येत्या वसंतातली पानं घडी घालून ठेवलेली, काहींमध्ये फुलंसुद्धा. प्रत्येक जातीचा कोंब वेगळा, कुणाचा टोकदार, कुणाचा चिकट, कुणाचा लवदार. पाच झाडांचे कोंब ओळखता आले तरी थंडीतली वाट एकदम ओळखीची होते.

पक्ष्यांचं म्हणाल तर ते दिसत नाहीत कारण ते विखुरलेले नसतात. हिवाळ्यात छोटे पक्षी बऱ्याचदा वेगवेगळ्या जातींचे मिळून एकत्र थवे करून फिरतात, त्यामुळे तुम्ही वीस मिनिटं चालता आणि एकही दिसत नाही, आणि एका जागी थांबलात की अचानक सगळं झाड हलायला लागतं, पाच-सहा जाती एकदम, कुणी सालीत चोच घालतंय, कुणी डहाळीच्या टोकाला उलटं लटकतंय, आणि काही मिनिटांत सगळे पुढच्या झाडावर. थवा तुमच्याकडे येऊ द्या, त्याच्या मागे धावू नका. मागे न धावण्याचं अजून एक कारण आहे आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. छोट्या पक्ष्यांना थंडीच्या एका लांबलचक रात्रीत स्वतःच्या वजनाचा जवळपास दहावा हिस्सा नुसता ऊब टिकवायला जाळावा लागतो, आणि ते सगळं त्यांना दुसऱ्या दिवशीच्या तोकड्या उजेडात परत मिळवायचं असतं. आपण फोटोसाठी त्यांना परत परत उडवलं तर ती ताकद वाया जाते. सकाळी लवकर आणि संध्याकाळी अंधाराआधी त्यांची खाण्याची घाई असते, तेव्हा तर लांबूनच बघावं.

पाण्यावर गेलात तर बदकं बघा, गारढोण पाण्यात किंवा थेट बर्फावर उघड्या पायांनी उभी. त्यांच्या पायात खाली जाणारं गरम रक्त आणि वर येणारं गार रक्त ह्यांच्या नळ्या एकमेकींना लागून असतात, त्यामुळे खाली जाता जाता रक्त आपली उष्णता वर येणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं आणि पायातून फारच थोडी उष्णता वाया जाते. एक पाय पोटाच्या पिसात ओढून घेतात तेही ह्याचसाठी. पिसं फुगवून गोल झालेला पक्षी दिसला की समजायचं तो हवेचा थर धरून बसलाय, तुमचं फुगीर जॅकेट करतं अगदी तेच.

पक्षी बघायची गोडी लागली तर मोजणीत भाग घ्या. 1900 सालच्या 25 डिसेंबरला पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन ह्यांच्या पुढाकाराने उत्तर अमेरिकेत 27 जणांनी पहिली ख्रिसमस पक्षी मोजणी केली, त्या दिवशी शिकारीची चढाओढ लागायची तिला पर्याय म्हणून, आणि ती अजून चालू आहे. पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय मोजणी दर जानेवारीत होते, आशियात 1987 पासून. नवशिक्यांना जाणत्या लोकांबरोबर उभं राहायला मिळतं आणि एकाच तळ्याकडे दोन तास बघत बसायची सवय लागते, जी दुसरीकडे कुठे लागत नाही.

दव आणि दहिवर (म्हणजे गवतावर, पानांवर जमणारे बर्फाचे पांढरे कण) हा माझा खास आवडीचा विषय. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा बरीच गार होते, त्यामुळे आपल्या डोक्याच्या उंचीवर तापमान शून्याच्या तीन अंश वर असलं तरी गवतावर पाणी गोठू शकतं. सकाळी गुडघे टेकून एखादं वाळलेलं पान बघा, पांढरे स्फटिक पानाच्या कडांवर आणि शिरांवर दाट असतात आणि मध्ये विरळ, कारण कडा आधी गार पडतात आणि वाफ तिथेच थेट बर्फ होऊन बसते. आणि झाडाखालचं गवत बघा, तिथे दहिवर नसतं किंवा कमी असतं, फांद्यांनी जमिनीची उष्णता थोडी अडवलेली असते. वीसेक मिनिटांत ऊन ते सगळं घेऊन जातं, सावलीच्या आकाराची पांढरी पट्टी तेवढी उरते आणि ऊन सरकेल तशी सरकत जाते.

तुमच्याकडे बर्फ पडत असेल तर गडद रंगाचा ग्लोव्ह किंवा काळं कापड बाहेर थोडा वेळ गार होऊ द्या आणि त्यावर पडणारे कण साध्या भिंगातून बघा. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याने जानेवारी 1885 मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून बर्फाच्या एका स्फटिकाचा फोटो काढला आणि मग आयुष्यभरात असे 5000 हून जास्त काढले. पुढे जपानमध्ये उकिचिरो नाकाया ह्या भौतिकशास्त्रज्ञांनी 1936 मध्ये प्रयोगशाळेत, सशाच्या केसावर, कृत्रिम स्फटिक वाढवून दाखवला आणि कुठल्या तापमानाला, किती ओलाव्यात कुठला आकार येतो ते शोधून काढलं. उणे 5 च्या आसपास सुया, उणे 15 च्या आसपास फांद्या-फांद्यांच्या चांदण्या. म्हणजे तुमच्या हातावर सुया पडतायत की चांदण्या ह्यावरून वर ढगात काय तापमान होतं ह्याचा अंदाज तुम्ही खाली उभं राहून बांधू शकता, मला हे अजूनही भारी वाटतं. आणि बर्फाचा थर फूटभर झाला की त्याच्या तळाशी, जमिनीलगत, तापमान शून्याच्या आसपासच टिकून राहतं, वर कितीही कडाका असला तरी. उंदरांसारखे छोटे प्राणी तिथे बोगदे करून हिवाळा काढतात आणि कोल्हा वर उभा राहून नुसता त्यांचा आवाज ऐकून झेप घेतो. ठसे सकाळी नाहीतर संध्याकाळी बघा, तिरप्या उन्हात ठशाच्या कडांची सावली पडते आणि ते उठून दिसतात, भर दुपारी तोच ठसा दिसत पण नाही.

रात्र सोडू नका, कारण अंधार लवकर पडतो हा हिवाळ्याचा मोठा फायदा आहे, मुलांना जागवायची गरज नाही. मी उत्तर गोलार्धाचं सांगतेय. संध्याकाळी जेवायच्या वेळेपर्यंत पूर्वेला मृग वर आलेला असतो, मधले तीन तारे कुणालाही सापडतात, ती रेघ खाली वाढवली की व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, 8.6 प्रकाशवर्षांवर. वर वाढवली की लालसर रोहिणी आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका. व्याध क्षितिजाजवळ असताना लाल-निळा-हिरवा असा लुकलुकतो, तो हवेचा खेळ. 13-14 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव जोरात असतो, बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंमुळे होतात पण हा फेथॉन नावाच्या लघुग्रहामुळे. पौर्णिमेचा चंद्र हिवाळ्यात खूप वर चढतो, सूर्य जेवढा खाली तेवढा तो वर, आणि त्याला खळं पडलं असेल तर हात लांब करून पंजा पूर्ण फाकवा, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेवढं अंतर तेवढी साधारण त्या खळ्याची त्रिज्या, 22 अंश, उंच ढगातल्या बर्फकणांमुळे. डोळे अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात, तेवढा वेळ फोन बंद, म्हणजे परत तीच गोष्ट, उबदार उभं राहता आलं पाहिजे.

धोक्यांबद्दल स्पष्टच लिहिते. शरीराच्या आतलं तापमान 35 अंशाखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात आणि तो व्हायला बर्फच लागतो असं नाही, पाऊस आणि वारा असेल तर 8-10 अंशातही होतो. सुरुवातीला माणूस कुडकुडतो, चेन लावता येत नाही, अडखळत चालतो, बोलणं जड होतं, चिडचिड करतो. कुडकुडणं थांबलं पण माणूस गोंधळलेला आहे, तर तो बरा झाला असं समजू नका, तो जास्त गंभीर आहे, कोरडे कपडे, आडोसा आणि लगेच मदत. नाक, कान, गाल पांढुरके आणि बधिर झाले तर चोळायचं नाही, बर्फाने तर अजिबातच नाही, गरम तळवा नुसता ठेवायचा, आणि संवेदना परत येत नसेल तर डॉक्टर. दारूने गरम वाटतं पण कातडीकडचं रक्त वाढून उष्णता जास्त जाते, त्यामुळे बाहेर नकोच. तहान थंडीत कळत नाही आणि लघवी जास्त होते, म्हणून थर्मासमध्ये गरम काहीतरी आणि ते मधूनमधून प्यायचं. गोठलेल्या तळ्यावर स्थानिक जाणकारांना विचारल्याशिवाय पाय ठेवू नका, स्वच्छ, पारदर्शक बर्फ निदान 10 सेंटीमीटर जाड लागतो, पांढरा धुरकट बर्फ त्याच्या निम्म्याच ताकदीचा, आणि वाहत्या पाण्यावरच्या बर्फावर तर विश्वासच नको. ताज्या बर्फावरून 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फिरतात, गॉगल घ्या. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बसते.

मुलीला जरूर न्या. फक्त मुलं मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतात आणि खेळात असली की सांगत नाहीत, म्हणून दर थोड्या वेळाने तिच्या मानेच्या मागे, कॉलरच्या आत हात घालून बघा, तिथे गरम आणि कोरडं असेल तर ठीक, ओलसर असेल तर एक थर काढा, गार असेल तर घाला. नुसती बोटं बघून ठरवू नका. एक जोडी ग्लोव्ह्ज आणि मोजे जादा ठेवा, पहिली जोडी ओली होणारच. आणि अंतर तिच्या मनावर सोडा, तिला एका डबक्यावरचा पातळ बर्फ तासभर बघायचा असेल तर तासभर तिथेच थांबा, तुमचं जाड जॅकेट त्याचसाठी आहे.

दुर्बीण घ्या, पण पैसे आधी कपड्यांवर घाला आणि मग उरले तर दुर्बिणीवर. 8x42 सगळ्यात सोयीची, आठपट मोठं दिसतं, हात थोडे कापले तरी चित्र फार हलत नाही, आणि 42 मिलिमीटरची भिंगं हिवाळ्यातल्या कमी उजेडाला पुरतात. मुलीसाठी 6x30 सारखी हलकी बघा. वापरताना डोळ्याच्या बाजूच्या काचांवर श्वास सोडू नका, नाकावरचा स्कार्फ खाली ओढा नाहीतर वाफ धरते. आणि घरी आल्यावर ती लगेच बाहेर काढू नका, बॅगेतच चेन लावून तास-दीड तास राहू द्या, नाहीतर उबदार खोलीतल्या हवेचं पाणी काचांवर जमतं आणि चांगल्या सीलची नसेल तर आतही शिरतं.